गुळगुळीत काच

विटकी वस्तू द्वारकाक्कांच्या घरात उंबरठ्याच्या आत येत नसे. चुकून आलीच, तर ती एकतर लखलखीत व्हायची नाहीतर भंगारात जायची. चांदवडच्या तांबट आळीत वडक्यांचं घर म्हणजे पितळेचं घर. ठोके घालणारे हात गेले, आळीतल्या ऐरणी मुक्या झाल्या, घाटातून बिनचालकाचे ट्रक पळायला लागले, पण अक्कांच्या फडताळातले डबे, तपेली, घंगाळ असे चमकायचे की नव्या माणसानं आधी डोळे मिचकावावेत आणि मग नमस्कार करावा. चौथीतून शाळा सुटली तेव्हापासून अक्का घासत आल्या होत्या. चकाकी म्हणजे अब्रू, एवढंच त्यांचं शिक्षण, आणि तेवढं पुरेसं आहे असं त्यांचं ठाम मत.

म्हणून सुनेच्या नोकरीसाठी दोन लॅपटॉप निवडायला घरी आले, तेव्हा निवड कोण करणार हा प्रश्नच नव्हता.

सून केतकी ‘निर्मल दूरसेवा’ नावाच्या कंपनीत लागली होती. विजेच्या तक्रारी घरबसल्या ऐकून घ्यायच्या. कुणाचं बिल फुगलंय, कुणाच्या गल्लीत अंधार पडलाय, कुणी नुसतंच भांडायला फोन करतंय. कंपनीच्या माणसानं माजघरातल्या टेबलावर दोन्ही यंत्रं उघडून ठेवली. एकाचा पडदा मॅट, म्हणजे दुधट, उजेड पडला तरी ढिम्म. दुसऱ्याचा ग्लॉसी, काळाभोर, विहिरीतल्या संथ पाण्यासारखा.

“मला मॅट द्या,” केतकी म्हणाली. “माझ्या पाठीशी दार आहे. ग्लॉसीवर दारातला उजेड पडणार आणि दिवसभर मला माझंच तोंड दिसत राहणार. डोळे दुखतात.”

“स्वतःचं तोंड बघून डोळे दुखतात?” अक्का म्हणाल्या. “मग आम्ही काय करावं?”

कंपनीचा माणूस हसला. अक्कांनी मॅटच्या पडद्यावरून बोट फिरवलं आणि बोट पदराला पुसलं. “हे काय, न घासलेलं! आमचा उदय हल्ली हॉटेलवाल्यांना न घासलेलं पितळ विकतो, मॅट फिनिश म्हणून. घासायचा आळस, त्याला इंग्रजी नाव. घरात हे धूड येणार नाही. तो दुसरा ठेव रे बाबा. बघ कसा झळझळीत आहे.”

“कंपनीसुद्धा ग्लॉसीचीच शिफारस करते,” माणूस म्हणाला. “ग्लॉसीवाल्यांची बढती लवकर होते.”

“ऐकलंस?” अक्कांनी सुनेकडे पाहिलं. केतकीनं नवऱ्याकडे पाहिलं. उदय वडके दुकानाच्या किल्ल्या शोधत होता. या दोघींमध्ये काही चाललं की त्याच्या किल्ल्या हमखास हरवत.

ग्लॉसी राहिला. अक्कांना तो फार आवडला. स्वयंपाकघरातून देवघराकडे जाताना वाटेत केतकीचं टेबल लागायचं. काळ्या काचेत आपण दिसलो की अक्का थांबायच्या, पदर सारखा करायच्या, केसांची बट कानामागे सारायच्या. फोनवर कुणी तणतणत असलं तर दोन शब्द बोलायच्याही. “बिल जास्त आलं म्हणतोय? त्याला म्हणावं, पाहुण्यांना हाकल आधी.” केतकी ओठ दाबून समोर बघत राहायची. असं होता होता उन्हाळा गेला, पावसाळा गेला आणि खंडेनवमी आली.

खंडेनवमीला तांबटाच्या घरात हत्यार मळकं राहिलं तर वर्षभर हात चालत नाही. अक्कांनी सासऱ्यांच्या हातोड्या काढल्या, सांडशी काढली, ऐरण पुसली, दुकानातला तराजू आणवला. चिंचेचा कोळ, राख आणि चिमूटभर विटेचा भुगा, काथ्यानं गोल गोल. सगळं उजळून निघालं आणि पाटावर मांडताना अक्कांच्या मनात आलं, की या घरात आता खरं चालतं हत्यार एकच आहे आणि ते तिकडे टेबलावर धूळ खात पडलंय. केतकी झेंडूची फुलं आणायला गेली होती. पाणी आत शिरू नये इतकी अक्कल अक्कांना होती. त्यांनी फडकं घट्ट पिळलं, भुगा लावला आणि पडदा घासला. त्यावर बोटांचे डाग होते, ते चांगले जोर लावून घासले.

केतकी आली तेव्हा लॅपटॉप हातोड्यांच्या रांगेत कुंकू लावून बसला होता. पडदा पांढुरका झाला होता, धुक्यात ठेवल्यासारखा.

तिच्या हातातली फुलं तिथंच पडली. “अक्का, हे काय केलंत?”

“हत्यार पुजलं.”

“कशानं घासलंत?”

“ज्यानं सगळं घासते त्यानं. मला वाटलं उजळेल.” आणि मग चूक आपली आहे हे कळल्यावर अक्का जसं नेहमी बोलत तसं त्या बोलल्या. “असलं कसलं हत्यार, जे घासलं की मळतं? तुझ्या कंपनीनं फसवलंय तुला. वरचा मुलामा होता नुसता, कल्हईसारखा.”

त्यांनी पितळेला लावतात तसं खोबरेल तेलाचं बोट त्या पडद्यावर फिरवलं. बोट फिरलं तिथं धुकं हटलं. काळीभोर वाट उमटली आणि वाटेत अक्कांचा एक डोळा दिसला. तेल पुसलं की पुन्हा धुकं. मग केतकीनं सगळ्या पडद्यालाच तेलाचा हात दिला. अक्षरं दिसायला लागली. “चालतंय,” अक्का म्हणाल्या. “उगाच ओरडलीस.”

दसरा झाल्यावर काम सुरू झालं आणि दुपारी पडद्यावर एक बाई आली. ऋजुता मॅडम, कंपनीच्या कर्मचारी-कल्याण विभागाच्या. आवाज श्रीखंडासारखा.

“केतकी, तुमच्या यंत्राला नवमीपासून नीट दिसत नाहीये. मध्येच दिसतं, मध्येच अंधुक. पडद्याला काही लावलंत का?”

अक्का दाराशी लसूण सोलत बसल्या होत्या. “यंत्राला कसं दिसेल? बघते ती ही. यंत्राला कशाला दिसायला हवंय?”

“आजी आहेत ना मागे?” ऋजुता मॅडम आणखी गोड झाल्या. “बरं झालं. त्यांच्याविषयीही बोलायचं होतं. केतकी, तुमच्या घरातल्या ताणाची नोंद फार वाढली आहे. आजी मागून गेल्या की तुमची नाडी चढते, कपाळाला आठी पडते, ओठ आवळले जातात. रोज, अनेकदा. आजी तर सरळ पडद्याकडे रोखून बघतात, रागानं. आमच्या पद्धतीत त्यांची नोंद ताणाचा मुख्य स्रोत अशी झाली आहे.”

लसणाची पाकळी अक्कांच्या हातातून सुटून टेबलाखाली गेली.

“मी?” अक्का उभ्या राहिल्या. “मी रागानं बघते? अगं बये, मी माझ्या पदराकडे बघते! मला काय ठाऊक आत तू बसलीयस!”

“आजी, मी नसते. ते आपोआप होतं. यात वैयक्तिक काहीच नाही.”

“माझं तोंड, माझा पदर, माझं माजघर, आणि वैयक्तिक काही नाही?”

ऋजुता मॅडमनी मान तिरपी करून सहानुभूतीनं स्मित केलं. नवं यंत्र पाठवत आहोत, जुनं परत द्या, आणि यापुढे पडदा खरवडलेला आढळला तर नोकरी राहणार नाही, हे त्यांनी त्याच आवाजात सांगितलं. मग म्हणाल्या, “केतकी, तुमचं नाव गटप्रमुखाच्या जागेसाठी आलंय. तुमचं काम उत्तम आहे. तीन महिने नोंद स्वच्छ दिसली की झालं. घरातला स्रोत कामाच्या वेळात दूर ठेवता आला तर बघा.”

पडदा काळा झाला. आत तेलकट, थरथरत्या दोघी दिसत होत्या.

“ही काच बघते?” अक्कांनी विचारलं.

केतकीनं मान हलवली. “मलाही भरती झाल्यावर कळलं. सही केली होती मी, वाचलं नव्हतं.”

“कशी बघते? डोळा कुठं आहे? वर ते भोक असतं त्यावर तर तू पट्टी लावलीस.”

केतकीनं सांगितलं. पडद्यावर उजेडाचे लाखो ठिपके असतात, त्यांच्यामुळे चित्र दिसतं. या नव्या पडद्यात प्रत्येक उजेडाच्या ठिपक्याशेजारी उजेड टिपणारा एक ठिपका बसवलाय. एकट्याला काही कळत नाही, त्याला नुसतं उजळ आणि काळोखं समजतं. पण लाखो ठिपक्यांनी टिपलेलं एकत्र आणून आतलं गणित चेहरा उभा करतं. भिंगाची गरजच नाही. चेहऱ्यावरून पुढे नाडी काढतं. काळजाचा ठोका पडला की तोंडावर रक्ताची एक लाट येते, रंग किंचित बदलतो. आपल्या डोळ्यांना तो फरक दिसत नाही, त्या काचेला दिसतो.

“आणि मी घासली तर आंधळी झाली?”

“हो. न्हाणीघराच्या खिडकीला दुधी काच असते ना? उजेड आत येतो, माणूस दिसत नाही. गुळगुळीत काचेतून किरण आला तसा सरळ आत जातो. खरबरीत काचेवर बारीक खड्डे असतात, त्यात किरण वाट चुकतात, इकडे तिकडे विखुरतात. ठिपक्यांना उजेड मिळतो पण तो कुठून आला ते समजत नाही. तेल लावलं की खड्डे भरतात, काच पुन्हा सरळ होते आणि तिला दिसायला लागतं. मॅटला असे खड्डे मुद्दाम पाडलेले असतात. मॅट यंत्राला बाहेरचं दिसतच नाही.”

चकचकीत काच उचलून घरात त्यांनीच आणली होती. पण त्यांना टोचत होतं ते वेगळंच.

“ती म्हणाली ते खरं का गं? मी आले की तुझी नाडी चढते?”

केतकीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. “चढते.”

“अस्सं.”

“अहो, ऐका तरी. तो मालेगावचा माणूस बायकोच्या नावावर बिल लाव म्हणत होता, आणि तुम्ही मागून म्हणालात, याच्या बायकोला आधी विचार ती याच्या नावावर राहिलीय का! मला हसू आवरेना. हसले तर पगार कापतात. ओठ दाबले, श्वास धरला, तोंड लाल झालं. काचेला काय कळणार हसू दाबलंय की राग? तिनं लिहिलं ताण. निम्म्या वेळा तसंच झालंय.”

“आणि उरलेल्या निम्म्या?”

“उरलेल्या निम्म्या वेळा तुमच्यामुळेच,” केतकी म्हणाली. “तुम्ही येऊन गप्प उभ्या राहता ना, काही न बोलता, भांड्यावरचा पोचा बघतात तसं माझ्याकडे बघत, तेव्हा. बोललात तर परवडतं.”

सुनेनं लग्नापासून अक्कांना इतकं सरळ कधी सांगितलं नव्हतं. सांगितलं तेही एका काचेनं चहाडी केल्यावर. त्यांना राग आला, आणि तो नेमका कुणाचा हे ठरेना, म्हणून तो सगळ्यांवर थोडा थोडा वाटला गेला. संध्याकाळी उदयला कालवणात मीठ लागलं नाही.

“सासू-सुनेचं काय ते आमचं आम्ही बघू,” जेवताना त्या कडाडल्या. “मी तिला बोलेन, ती मला उलटून बोलेल, भांडू, आठवडाभर अबोला धरू. माझ्या घरातलं भांडण माझ्या मालकीचं आहे! ते काढून नेऊन कुणीतरी मोजतंय, त्याचे तक्ते काढतंय, आणि वर मलाच दूर ठेवा म्हणतंय! मी काय घुशीचं बीळ आहे बुजवायला?”

“सोडून दे नोकरी,” उदय भाताकडे बघत म्हणाला.

“नाही सोडणार,” केतकी म्हणाली.

दोघांनीही मान वर केली.

“एकदा ग्लॉसी घेतला की मागून बदलून देत नाहीत. गटप्रमुख झालं की मॅट मिळतो. वरच्या सगळ्यांना मॅटच असतो. ऋजुता मॅडमचा मॅट, त्यांच्या साहेबांचा मॅट. वरच्यांना न बघणारी काच, आणि बघणारी आम्हाला. मला त्या काचेच्या पलीकडे जायचंय. मला दिवसभर कुणी बघू नये, एवढंच हवंय.”

अक्कांनी ताट बाजूला सारलं. वरच्यांना खरबरीत, खालच्यांना गुळगुळीत. एवढ्या वर्षांत चकाकीविषयी इतकी घाणेरडी गोष्ट त्यांनी ऐकली नव्हती.

“चोराच्या उलट्या बोंबा,” त्या म्हणाल्या. “स्वतः बुरख्यात बसायचं आणि दुसऱ्याच्या नाडीवर बोट ठेवायचं.”

दुसऱ्या दिवशी नवं ग्लॉसी यंत्र आलं. अक्कांनी त्याच्याकडे पाठ करून लुगडं नीट केलं, पिशवी घेतली आणि दुकानात जाऊन बसल्या. कामाच्या वेळात त्या घरात थांबल्या नाहीत. “मी भिऊन नाही जात,” जाताना त्या दारातून मोठ्यानं म्हणाल्या, काचेला ऐकू जाईल अशा बेतानं. “सुनेला पलीकडे पोचवायला जातेय. मग बघते.”

उदयच्या दुकानात अक्का म्हणजे शिक्षा होती, त्याला आणि गिऱ्हाइकांना. नाशिकचा हॉटेलवाला मॅट फिनिशचे तांबे बघायला आला तर त्याला म्हणाल्या, “आणखी मळके हवे असतील तर गटाराकाठी ठेवते आठवडाभर.” तो न घेता गेला. उदयनं डोक्याला हात लावला.

“अक्का, बोलू नका ना थोडं.”

“घरात गप्प, दुकानात गप्प. आता स्मशानात जाऊनच बोलू का?”

उदयनं टपरीवरून चहा मागवला, आईच्या हातात दिला आणि शेजारी बसून राहिला. दुपारी डबा यायचा. जन्मात डब्यातलं खाल्लं नव्हतं अक्कांनी. पितळी डब्याच्या झाकणात त्या पोळी मोडायच्या, आणि आळीतल्या बायका येता जाता विचारायच्या, “का हो अक्का, सुनेनं काढलं का?” त्यावर अक्का जे बोलायच्या त्यानं विचारणारीचा दिवस वाया जायचा.

तिकडे केतकीची नोंद स्वच्छ होत गेली. नाडी सपाट, कपाळ सपाट. ऋजुता मॅडमनी अभिनंदन कळवलं. संध्याकाळी अक्का परतल्या की केतकी चहा टाकायची आणि एकदम खूप बोलायला लागायची, दिवसभर दाबून ठेवलेलं. कुठला माणूस काय म्हणाला, कसा भांडला. “तुम्ही असता तर काय म्हणाला असता?” असं विचारायची. अक्का सांगायच्या. केतकी खिदळायची, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. काच मिटलेली असायची, त्यामुळे त्या हसण्याची कुठं नोंद झाली नाही.

मुदत संपली आणि केतकीला जागा मिळाली. मॅट यंत्र घरी आलं. अक्का त्या दिवशी दुकानात गेल्या नाहीत. त्यांनी सकाळीच पुरण शिजवायला टाकलं होतं. केतकीनं दुधी पडदा उघडला तेव्हा त्या सरळ तिच्या मागे येऊन उभ्या राहिल्या, कमरेवर हात ठेवून, जिंकल्यासारख्या.

“बघू दे आता कोण बघतंय ते.”

“कुणी नाही बघत,” केतकी म्हणाली, आणि तिनं खांदे खाली सोडले. कितीतरी महिन्यांनी तिचे खांदे असे सैल पडले होते.

पडद्यावर खिडक्या उघडत गेल्या. प्रत्येक खिडकीत एक बाई. कुणी निफाडची, कुणी येवल्याची, कुणी आणखी कुठली. प्रत्येकीच्या कानाला यंत्र, तोंडावर तो आवळलेला धीर, आणि खाली हिरवी, पिवळी, तांबडी रेघ वळवळतेय.

“या कोण?”

“माझ्या गटातल्या.”

“या रेघा?”

एक खिडकी तांबडी होऊन पुढे आली. लासलगावची हेमलता गांगुर्डे. तिच्या मागे खाटेवर एक म्हातारा होता, अर्धं अंग गेलेला. त्याच्या घशातून आवाज आला की ही बोलता बोलता मागे बघायची आणि रेघ उडायची. खाली अक्षरं उमटली.

“वाच,” अक्का म्हणाल्या.

“ताणाचा स्रोत, अंथरुणाला खिळलेला वृद्ध. उपाय, कामाच्या वेळात स्रोत अन्यत्र हलवावा.” केतकीचा आवाज खाली खाली गेला. “मी मान्य केलं की ऋजुता मॅडम तिला फोन करणार.”

पुरणाचा वास घरभर सुटला होता. अक्कांनी त्या खाटेकडे बोट केलं.

“हे तुझं नवं काम?”

“हो.”

“तुला आधी ठाऊक होतं?”

“थोडंफार. मला वाटलं, आधी पलीकडे तर जाऊ.”

मग अक्कांच्या तोंडाचा पट्टा सुटला. “तुझ्यासाठी मी टपरीवरचा चहा प्यायले! आळीतल्या सटव्यांचं ऐकून घेतलं! पोटच्या पोराच्या दुकानात पाहुण्यासारखी बसले! कशासाठी? तर काचेपलीकडे जाऊन तू दुसऱ्यांच्या घरात डोकवावंस म्हणून? त्या म्हाताऱ्याला कुठं हलवणार गं? तो स्रोत आहे का? बाप असेल तिचा, नाहीतर सासरा! ती मागे वळून बघतेय ती चिडून नव्हे, तो गुदमरेल म्हणून बघतेय!”

“मला दिसतंय ते!”

“मग?”

“मी नाही केलं तर दुसरी करेल, अक्का!”

“करू दे! दुसरीला तिच्या घरात बसून करू दे. वडक्यांच्या घरात बसून हे नाही करायचं. माझ्या घरात पुरणावर झाकण ठेवतात, माणसांवर नाही.”

केतकी गर्रकन वळली. तिचं तोंड लाल झालं होतं, यावेळी हसू दाबून नव्हे. “तुमचं घर, तुमचं घर! मी कुठं जाऊ मग? त्या काचेनं मला बघावं की या काचेनं मी लोकांना बघावं, एवढंच ठेवलंय त्यांनी माझ्यासाठी. तुम्ही मला कोणती निवडू दिलीत?”

खिडकीतली हेमलता गांगुर्डे कुणाला तरी नम्रपणे सांगत होती, की तार तुटली असेल तर हात लावू नका.

अक्का खाली बसल्या. स्टुलावर, केतकीच्या शेजारी. टेबलाशी बसायची ही त्यांची पहिलीच वेळ. गुडघे कुरकुरले.

“नाही निवडू दिली,” त्या म्हणाल्या. “पहिल्या दिवसापासून नाही दिली.”

केतकीनं त्यांच्याकडे बघितलं नाही. ती पडद्याकडे बघत होती. तांबड्या अक्षरांखाली दोन चौकोन लुकलुकत होते, ‘मान्य’ आणि ‘दुरुस्ती’. तिनं ‘मान्य’वर बोट नेलं. तिथंच ठेवलं. मग काढलं. आणि दुसरा चौकोन उघडला. तिथं गटप्रमुखाला स्वतः लिहायची जागा होती. बहुधा तिथं कुणी काही लिहीत नसावं. ती जागा अगदी कोरी होती.

ती लिहायला लागली. अक्कांना अक्षरं ओळखू येत होती, पण इतक्या वेगानं नाही.

“काय लिहितेस?”

“ताणाचा स्रोत, निरीक्षण करणारा पडदा. उपाय, पडदा बदलून मॅट द्यावा. वृद्धाला हलवू नये, कर्मचाऱ्याला मधून मधून उठून त्याला पाणी पाजायची मुभा द्यावी.”

“पाठव.”

“पाठवलं.” केतकीनं बाकीच्या खिडक्यांकडे पाहिलं. “आज सगळ्यांसाठी हेच लिहिणार. संध्याकाळपर्यंत मला काढतील.”

“काढतील.”

“उद्या दुसरी कुणीतरी येऊन सगळं पुसेल.”

“पुसू दे. तिला आधी वाचावं तर लागेल.”

येवल्याची एक खिडकी तांबडी झाली. बाईच्या मांडीवर मूल होतं आणि ते मन लावून तिची कानातली वायर चावत होतं. खाली अक्षरं आली, ताणाचा स्रोत, बालक. अक्कांच्या नाकपुड्या फुगल्या. त्यांनी पदर खोचला, स्टूल टेबलाच्या आणखी जवळ ओढलं आणि बोट सरळ पडद्यावर टेकवलं.

“हिचं नाव काय? नीट वाच. चुकीच्या बाईचं नको लिहायला.”